८७ वर्षांच्या आज्जीच्या मांडीत सार्कोमा निघालाय, ऑपरेशन करायचं का घरीच ठेवायचं?

या वेळचं पत्र सोलापुरातल्या एका नातीचं आहे. पत्र बरंच लांब होतं, ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

"मॅडम, माझी आज्जी ८७ वर्षांची आहे. आयुष्यभर विड्या वळून तिनं घर चालवलं. उजव्या मांडीत पुढच्या बाजूला गाठ आली, गणपतीत लिंबाएवढी होती, आता नारळाएवढी झालीय. दुखत नव्हती म्हणून तिनं कोणाला सांगितलंच नाही. आधी एका डॉक्टरांनी चरबीची गाठ आहे म्हणून सोडून दिलं. आता एमआरआयमध्ये ११ सेंमीची, स्नायूच्या आत असलेली गाठ दिसली, बायोप्सीत हाय ग्रेड प्लिओमॉर्फिक सार्कोमा आलाय. छातीचा सीटी क्लिअर आहे. एक डॉक्टर म्हणाले वय बघा आणि घरी न्या. दुसरे म्हणाले बहुतेक पाय काढावा लागेल. मोठे काका म्हणतात या वयात चिरफाड नको, आत्या म्हणते मुंबईला न्यायचंच, बाबा काहीच बोलत नाहीत. आज्जी अजून स्वतः अंघोळ करते, सकाळी दोन-तीन भाकऱ्या थापते, फक्त बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघे दुखतात. तिला आम्ही चरबीची गाठ आहे असंच सांगितलंय. ऑपरेशन केलं तर तिचा छळ केल्यासारखं वाटेल आणि नाही केलं तर तिला सोडून दिल्यासारखं. रविवारी सगळे बसणार आहोत. काय करू?"

अगं, तुझं पत्र वाचून सगळ्यात आधी माझं लक्ष कशाकडे गेलं सांगू, भाकऱ्यांकडे. ८७ वर्षांची बाई रोज सकाळी पीठ मळून भाकरी थापते, स्वतः न्हाते, एकच गोळी घेते, ही माहिती मला तिच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाची आहे. आणि जे डॉक्टर वय बघा म्हणाले त्यांनी हे विचारलं होतं का, हा माझा पहिला प्रश्न. नुसतं वय बघून या आजारात निर्णय घ्यायचा नसतो, माणूस बघून घ्यायचा असतो, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, वयस्कर लोकांच्या कॅन्सरवर काम करणारे डॉक्टर असंच बघतात.

आधी आजार समजून घे. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या अशा मऊ भागातून उठणारा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा साधारण १ टक्का, त्यात परत याचे ५० पेक्षा जास्त प्रकार, त्यामुळे बऱ्याच चांगल्या डॉक्टरांनाही आयुष्यात मोजकेच पेशंट बघायला मिळतात. मांडी ही त्याची सगळ्यात नेहमीची जागा. आज्जीला निघालाय तो प्लिओमॉर्फिक प्रकार उतारवयात जास्त दिसणाऱ्यांपैकीच आहे, आणि हाय ग्रेड म्हणजे जोरात वाढणारा. आणि दुखत नाही म्हणून बिनधास्त राहिलात ते तुमचंच नाही सगळ्यांचंच होतं, ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. ५ सेंमीपेक्षा मोठी, खोल, किंवा वाढत चाललेली गाठ असली तर ती चरबीची आहे असं हात लावून ठरवायचं नाही, आधी एमआरआयसारखा स्कॅन काढायचा, मग बायोप्सी. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीपण लक्षात ठेवा.

बायोप्सीची सुई लावल्यामुळे आता गाठ पसरेल अशी भीती काकांना असेल तर ती काढून टाक, आपल्याकडे घरोघरी हे बोललं जातं. नीट केलेल्या कोअर बायोप्सीनं, म्हणजे जाड सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासण्यानं, पेशंटचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते तपास न करता कोणीतरी चरबीची गाठ समजून भूल देऊन कापून काढली की, कारण मग कॅन्सरच्या पेशी आजूबाजूला राहतात आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा खूप मोठं करावं लागतं. तुमच्याकडे ते झालेलं नाही, हे खरंच चांगलं झालंय. आता कोणी लेप लाव, मालिश कर, शेक दे म्हणालं तर हात जोडून नाही म्हण. गाठीला चोळायचं नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेव.

आता पायाचं. पाय काढावा लागेल हे वाक्य ऐकूनच बाबा गप्प झाले असतील. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटनं ४३ पेशंटवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, काहींचा हात किंवा पाय काढला, काहींचा वाचवून नुसती गाठ भोवतालच्या थोड्या चांगल्या भागासकट काढली आणि रेडिएशन दिलं, आणि जगण्यात फरक पडला नाही. तेव्हापासून पाय वाचवणं हीच नेहमीची पद्धत झाली आणि आज अनुभवी हातात दहापैकी नऊ जणांचा हात-पाय वाचतो. गाठ मुख्य रक्तवाहिनीला किंवा मोठ्या नसेला पूर्ण वेढून बसली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते एमआरआयची सीडी समोर ठेवून सार्कोमाचं काम करणाऱ्या सर्जननंच सांगायचं, रिपोर्टच्या दोन ओळी वाचून नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूचा भाग गेला तर खुर्चीतून उठताना, पायरी चढताना आधार लागेल, काठी लागेल, गुडघे आधीच दुखतात म्हणजे जरा जास्तच लागेल. हे तिला आधी माहीत असलं पाहिजे.

आणि आता जे मला तुझ्या काकांना सांगायचंय. त्यांचं चिरफाड नको हे प्रेमातून आलेलं आहे, त्यात शंका नाही. पण त्यांच्या डोक्यात असं आहे की ऑपरेशन नाही केलं तर आज्जी आत्ता आहे तशीच राहील, भाकऱ्या थापत, आणि एक दिवस शांतपणे जाईल. हाय ग्रेड सार्कोमा असा थांबून राहत नाही गं. काही महिन्यांत लिंबाची नारळ झालीय ती पुढे अजून वाढणार, वरची कातडी ताणून चकचकीत होते, लाल-जांभळी पडते, मग फुटते, मग तिथून पाणी, रक्त, वास. नस दाबली गेली की दुखणं सुरू होतं, पाय सुजतो. ती बाई मग अंघोळीला कोणाचातरी हात धरते, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. मी अशा बायकांच्या ड्रेसिंगला बसलेली आहे, त्यांना मरणाची भीती कमी असते, वासाची लाज जास्त असते. म्हणून ८७ व्या वर्षीसुद्धा ऑपरेशनचा विचार करायचा तो आयुष्य दहा वर्षांनी वाढवायला नाही, तर उरलेले दिवस तिचे तिच्या हातात राहावेत म्हणून. छातीचा सीटी क्लिअर आहे, म्हणजे हा आजार जिथे आधी जातो त्या फुप्फुसात अजून काही दिसत नाहीये. हीच वेळ आहे ठरवायची, आणि ती महिनोनमहिने थांबणार नाही.

पण आत्याला पण सांग, मुंबईला नेलं म्हणजे ऑपरेशन होणारच असं नाही, आणि व्हायलाच पाहिजे असंही नाही. आधी आज्जी ते झेपवेल का हे मोजायचं असतं. त्यासाठी जी-८ नावाची आठ प्रश्नांची तपासणी आहे, भूक कशी आहे, वजन उतरलंय का, चालणं-फिरणं, विसरभोळेपणा किंवा उदासी, औषधं किती, स्वतःची तब्येत तिला स्वतःला कशी वाटते वगैरे, १७ पैकी मार्क मिळतात आणि १४ किंवा कमी आले तर अजून सविस्तर तपासायचं. एक गोष्ट तू घरीच बघू शकतेस, तिला खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांग, नेहमीची काठी असेल तर घेऊन, आणि मोबाईलवर वेळ लाव. १२ सेकंदांच्या वर गेलं तर पडण्याची शक्यता जास्त असते, म्हणजे ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपी सुरू करायला पाहिजे. रक्तात हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) बघायचं, हृदयाची टूडी इको करायची. किडनीचं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून खूश व्हायचं नाही, बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बाईत स्नायूच कमी असतात त्यामुळे किडनी मंद चालत असली तरी आकडा बरा दिसतो, वय आणि वजन धरून हिशोब करून घ्या असं डॉक्टरांना सांग. जेवणात रोज अंडं, डाळ, दूध, मटकी, शेंगदाण्याचा कूट जे तिला चावतं आणि पचतं ते वाढव, नुसती भाकरी-ठेचा आणि चहा यावर जखम भरत नाही.

ऑपरेशन ठरलंच तर मांडीचं काम पुष्कळदा पाठीत इंजेक्शन देऊन करता येतं, पूर्ण भूल टाळता येते का हे भूलतज्ज्ञांना आधी भेटून विचारा. या वयात ऑपरेशननंतर रात्री अचानक भ्रम होणं, बडबड करणं, सलाईन ओढून काढणं हे बऱ्यापैकी होतं आणि घरचे घाबरून जातात, वेड लागलं म्हणतात. बहुतेकदा काही दिवसांत उतरतं. चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते, आणि रात्री ओळखीचा माणूस शेजारी, यानं फरक पडतो. शक्य तितक्या लवकर बसवायचं, उभं करायचं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

रेडिएशन हा यातला सगळ्यात विचार करण्यासारखा भाग आहे. नेहमीच्या पद्धतीत ऑपरेशनआधी ५० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं माप), २५ वेळा, म्हणजे आठवड्यात पाच दिवस धरले तर पाच आठवडे. ऑपरेशननंतर दिलं तर ६० ते ६६ ग्रे, सहा-साडेसहा आठवडे. २००२ मध्ये कॅनडातला एक अभ्यास आला त्यात आधी रेडिएशन दिलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांना जखमेचा त्रास झाला, नंतर दिलेल्यांत १७ टक्के. नंतर देण्यात मात्र डोस जास्त, त्यामुळे पुढे पाय आखडणं, सूज राहणं जास्त. तिशीतल्या पेशंटला मी आधीच द्या म्हणेन. ८७ वर्षांच्या बाईला पाच आठवडे रोज टेबलावर झोपवायचं, त्यात सोलापूरचा उन्हाळा आला तर रोजची जा-ये, हे वजन मोजलं पाहिजे. काही ठिकाणी म्हाताऱ्या पेशंटला कमी दिवसांत जरा मोठे डोस देतात, आणि गाठ भोवतालच्या चांगल्या भागासकट नीट निघाली तर कधी कधी रेडिएशन न देता नुसतं लक्ष ठेवायचं असंही टीम ठरवते. एकच ठरलेलं उत्तर नाहीये यात. तू मात्र तोंड उघडून विचार, "रेडिएशन नाही दिलं तर काय होईल, कमी दिवसांत देता येईल का?"

केमोबद्दल माझं मत स्पष्ट आहे. यात वापरतात त्या औषधांपैकी डॉक्सोरुबिसिन हृदयावर येतं, आयफॉस्फामाइड किडनीवर आणि डोक्यावर येतं, आणि गाठ एकाच जागी असताना या वयात त्यातून मिळणारा फायदा इतका कमी की मी माझ्या घरातल्या माणसाला दिली नसती. पुढे कधी फुप्फुसात गेलाच तर पॅझोपॅनिबसारख्या गोळ्या असतात, त्यांनी बीपी वाढतं, जुलाब होतात, लिव्हर बघत राहावं लागतं. तेव्हाचं तेव्हा बघू.

आणि ऑपरेशन नको असं ठरलं, तिनं ठरवलं किंवा तपासणीत झेपणार नाही असं दिसलं, तरी घरी न्या म्हणजे हात वर करा असा अर्थ नाही. गाठ दाबून ठेवायला, रक्त थांबवायला थोड्या दिवसांचं रेडिएशन देता येतं. दुखायला लागलं तर मॉर्फिन, तोंडाने घ्यायची गोळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर, सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मॉर्फिन दिलं म्हणजे आता संपलं असं नसतं, व्यसन लागेल ही भीतीही इथे धरू नका. जखम फुटली तर वासासाठी मेट्रोनिडाझोलची पूड ड्रेसिंगमध्ये वापरतात, नर्सकडून शिकून घे. रक्त आलं तर घाबरून पुसत बसू नका, घडी घालून घट्ट दाबून धरा, आणि त्यासाठी घरात गडद रंगाचे टॉवेल वेगळे काढून ठेवा, पांढऱ्या कापडावर लाल बघून पेशंटचा धीर सुटतो. ही सगळी ट्रीटमेंटच आहे, पॅलिएटिव्ह केअर म्हणतात तिला, आणि ऑपरेशन होणार असलं तरी त्या डॉक्टरांना आत्ताच एकदा भेटून ठेवा.

कुठे जायचं ते सांगते. आपल्या जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, सोलापूरपासून साधारण ७० किमी, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथूनच सुरू झाली. तिथे किंवा सोलापुरातल्या कॅन्सर सर्जनकडे एकदा नीट बसून बोला. सार्कोमासाठी मात्र परळच्या टाटा मेमोरियलचं मत घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे या आजाराची वेगळी टीम आहे, सर्जन, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. त्यासाठी पहिल्याच फेरीला आज्जीला घेऊन जायची घाई करू नका. 'नव्या' (Navya) नावाच्या ऑनलाईन सेवेमार्फत टाटाचं मत घरबसल्या मिळतं, रिपोर्ट अपलोड करायचे. तिथून ऑपरेशन करण्यासारखं आहे असं आलं तर मग सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रीचं न्या, रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत आहे, हॉस्पिटलचा ठराविक फॉर्म लागतो. कधी कधी असंही ठरतं की प्लॅन मुंबईचा आणि रेडिएशन जवळ बार्शीला, विचारून बघा.

पैशाचं बाबांना एकट्यानं ओढायला लावू नका. ७० वर्षांच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, त्यावर योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. आधार कार्ड लागतं, मोबाईलवर आयुष्मान अ‍ॅपमधून काढता येतं, पण विडी वळून वळून आज्जीच्या बोटांचे ठसे पुसट झाले असतील तर ते उमटणार नाहीत, मग आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी वापरा. तो नंबर चालू आहे का हे आजच बघून घे. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि नेमकं कुठलं ऑपरेशन त्यात बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी हॉस्पिटलात बसणारा माणूस) आधी विचारायचं, भरती झाल्यावर नाही.

आता राहिली आज्जी. तुम्ही सगळे रविवारी बसणार, आणि जिची मांडी आहे ती आत भाकऱ्या थापत असणार, हे मला पटत नाही. तिला कळलंय. नारळाएवढी गाठ, एमआरआय, सुई, घरात कुजबुज, आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला हे कळत नाही असं समजू नका. रविवारच्या आधी तू एकटी तिच्याजवळ बस, मला वाटतं तुझ्याशी ती बोलेल. एकदम कॅन्सर शब्द टाकायचा नाही. आधी विचार, "आज्जी, गाठीचं तुला काय वाटतं?" आणि गप्प बस, तिला बोलू दे. मग विचार, "रिपोर्टमध्ये आलेलं सगळं सांगू का, का तेवढं बाबांनाच माहीत असू दे?" काही बायका म्हणतात सांग, काही म्हणतात मला नको सांगू तुम्ही बघा, दोन्ही चालतं, पण तिला विचारलं गेलं पाहिजे. सांग म्हणाली तर साध्या शब्दात सांग, गाठ वाईट आहे, अजून दुसरीकडे दिसत नाही, काढता येते का ते बघतोय. आणि मग हा प्रश्न नक्की विचार, "तुला सगळ्यात जास्त काय नकोय?" कोणी म्हणतं मला परस्वाधीन व्हायचं नाही, कोणी म्हणतं मला दवाखान्यात मरायचं नाही, कोणी म्हणतं ही गाठ तेवढी काढा बाबा मला मांडी घालून बसता येत नाही. ती काय म्हणते ते तिच्याच शब्दात कागदावर लिही आणि रविवारी काका-आत्यांसमोर आधी ते वाच. सर्जनलाही तेच दाखव. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा तिचाच लागणार आहे.

आणि सोमवारी पॅथॉलॉजी लॅबला फोन करून बायोप्सीचे ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) आणि स्लाइड (काचेवरचा काप) दोन्ही मागून घे, नुसता रिपोर्ट पुरत नाही, मोठ्या सेंटरला ते परत तपासतात. एमआरआय आणि सीटीची सीडी घे, चालते का ते एकदा लावून बघ, औषधाची चिठ्ठी, आणि आज्जीनं सांगितलेला तो कागद, सगळं एकाच फाईलमध्ये ठेव. काय ठरलं ते मला कळव, जखमेचं ड्रेसिंग किंवा जेवणाचं काही विचारायचं असेल तर परत लिही.